हिंदू संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? पालवणकर बाळू आणि नाकारलेले कप्तानपद

मरीन लाइन्स आणि चर्नी रोड या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात मरीन ड्राइव्हच्या कडेला जिमखाने ओळीने उभे आहेत. हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना. आज तिथे संध्याकाळी लग्नाचे मांडव पडतात, त्यामुळे ही नावे आपल्याला खटकतही नाहीत. पण खेळाच्या मैदानाला धर्माचे नाव का, हा प्रश्न एकदा तरी विचारायला हवा. मुंबईतले मोठे क्रिकेट पाच दशकांहून अधिक काळ धर्माच्या नावाने खेळले गेले. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, मग १९०७ पासून हिंदूंसह तिरंगी, १९१२ पासून मुस्लिमांसह चौरंगी आणि १९३७ पासून 'इतर' नावाच्या संघासह पंचरंगी. १९४६ साली हा प्रकार बंद झाला. त्या काळात गिरगावपासून लालबागपर्यंतचा माणूस या सामन्यांसाठी कामधंदा सोडून मैदान गाठत असे.

या हिंदू संघाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, हा वाद जुना आहे. क्रिकेटवर बोलणाऱ्या मंडळींत तो आजही रंगतो आणि नावेही ठरलेली असतात. सी. के. नायडू, विजय मर्चंट, प्रा. दि. ब. देवधर. कुणाला आठवण झालीच तर शेवटी 'आणि हो, तो पी. बाळूही होता' असे एक वाक्य जोडले जाते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. त्या यादीत पहिले नाव पालवणकर बाळू यांचे आहे, आणि ते दयेपोटी किंवा 'आपला माणूस' म्हणून नव्हे. खेळाच्या हिशेबानेच ते पहिले आहे. मात्र हे म्हटल्यावर आपल्या चळवळीतूनच दुसरा वाद उभा राहतो, कारण हेच बाळू १९३७ साली बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे होते. दोन्ही वाद एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून दोन्ही इथे घेतो.

प्रतिस्पर्ध्यांना त्यांचे माप पुरेपूर देऊ. नायडूंनी डिसेंबर १९२६ मध्ये गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध हिंदूंकडून खेळताना १५३ धावा ठोकल्या, त्यात ११ षटकार होते. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यामागे त्या खेळीचा मोठा वाटा मानला जातो, आणि १९३२ साली पहिल्या कसोटीत नायडूच कप्तान होते. मर्चंट यांची प्रथम श्रेणीतली सरासरी ७१.६४, जगात ब्रॅडमनखालोखाल. १९४३ च्या पंचरंगी अंतिम सामन्यात त्यांनी नाबाद २५० केल्या. (त्याच सामन्यात 'इतर' संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सांगलीचा हा ख्रिश्चन मराठी माणूस, म्हणून तो 'इतर'!) देवधरांनी पन्नाशीच्या आसपासही धावा काढल्या. यातले कोणीच लहान नाहीत.

पण या तिघांत एक गोष्ट समान आहे. तिघांच्या हातात बॅट लहानपणीच आली आणि ती कुणी काढून घेतली नाही.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले पालवण, जात चांभार, वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे वाढले पुण्यात. त्यांची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, पगार चार रुपये. जाळी लावायची, खेळपट्टी करायची, रेघा मारायच्या आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा तिथला नामवंत फलंदाज. आपल्याला बाद केले की ग्रेग बाळूंना दर बळीमागे आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांचे खरे-खोटे बाजूला ठेवा. निर्विवाद गोष्ट अशी, की बाळूंनी त्या जाळीत शेकडो तास गोलंदाजी केली आणि त्या साऱ्या काळात त्यांना एकदाही बॅट हातात मिळाली नाही.

इथे थोडे थांबायला हवे. गोलंदाजी हे श्रमाचे काम आणि फलंदाजी हा मालकाचा हक्क, अशी ही विभागणी होती. रणजीसारखा राजपुत्र मनगटाने चेंडू वळवतो ती 'कला' आणि बाळू तासन्‌तास एकाच टप्प्यावर चेंडू टाकतो तो 'सराव'. बाबासाहेबांनी पुढे लिहिले, की जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. त्याचे उदाहरण पाहायला आपण नेहमी गावगाड्यात जातो. पूना क्लबाच्या जाळीतही ते दिसते. चांभाराच्या पोराने चेंडू टाकायचा, बॅट साहेबाच्या किंवा राजाच्या हाती. बाळूंची प्रथम श्रेणीतली फलंदाजीची सरासरी १३.६९ आहे आणि सर्वोच्च धावा ७५. ज्याने उमेदवारीच्या वर्षांत बॅट धरली नाही त्याने पुढे ७५ धावांची खेळी केली, हे वाचून आम्हाला त्या सरासरीची कीव वाटत नाही. बॅट वेळेवर मिळाली असती तर काय झाले असते, एवढेच मनात येते.

'लगान'मधला कचरा आठवा. अनेकांना वाटते की तो बाळूंवरून घेतला आहे. असेलही. पण चित्रपटातल्या कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याचा हात अधू आहे म्हणून. कौशल्य नाही, सराव नाही, निसर्गाचा अपघात. आणि त्याला संघात घेण्यासाठी नायकाने भाषण करायचे, कचऱ्याने हात जोडून उभे राहायचे. खऱ्या बाळूंचा हात धडधाकट होता आणि डोके त्याहून तल्लख. फ्लाइट, वेगातला बदल, टप्प्यावरची हुकमत. त्यांना हिंदुस्थानचा ऱ्होड्स म्हणत. म्हणायचेच तर विल्फ्रेड ऱ्होड्सला इंग्लंडचा बाळू म्हणायला आमची हरकत नाही.

पुण्याच्या हिंदू क्लबात बाळूंना घ्यायचे की नाही यावर बरीच चर्चा झाली. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा, ही गरज शेवटी जिंकली. गरज जिंकली, समता नव्हे, हे ध्यानात ठेवा. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपातून चहा घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे! साताऱ्यात गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात बळी घेतले. न्यायमूर्ती रानडे यांनी तेव्हा असा विचार मांडल्याची नोंद आहे, की खेळता येत असेल तर सोबत जेवायलाही हरकत नसावी. टिळकांनीही बाळूंचे जाहीर कौतुक केले. कौतुकाला पैसे पडत नाहीत.

१८९६ च्या प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. हिंदू जिमखाना नुकताच, १८९४ मध्ये स्थापन झाला होता. तिथेही काही सभासदांनी कुरकुर केली, पण कप्तान कीर्तिकर यांनी बाळूंची बाजू घेतली आणि प्रवेश झाला. पुढे बाळू बीबीसीआय रेल्वेत नोकरीला लागले आणि रेल्वेच्या संघातूनही खेळू लागले. ही रेल्वे दादर, लोअर परळवरून जाणारी, आजची पश्चिम रेल्वे. त्या रुळांच्या दोन्ही अंगांना गिरण्या आणि चाळी वाढत होत्या. कोकणातून आणि देशावरून आलेले अस्पृश्य कामगार तिथेच राहत. पेपरात छापून आलेले पहिले 'आपले' नाव त्यांच्यापैकी अनेकांनी ऐकले ते बाळूंचेच असणार, असा आमचा कयास आहे.

फेब्रुवारी १९०६. हिंदू विरुद्ध युरोपियन, बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. त्या जिमखान्याच्या पॅव्हेलियनमध्ये हिंदी माणसाला सभासद म्हणून पाऊल ठेवता येत नव्हते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या, युरोपियन १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६०. गोऱ्यांना दोनशेच्या वर धावा हव्या होत्या आणि ते १०२ मध्ये आटोपले. १०९ धावांनी विजय. बाळूंचे पहिल्या डावात तीन, दुसऱ्यात पाच बळी. त्यांचा धाकटा भाऊ शिवरामही या संघात होता. स्वदेशीच्या त्या दिवसांत या विजयाचा गाजावाजा किती झाला असेल, याची कल्पना करा. समाजसुधारकांच्या पत्रांनी तर याकडे जातिभेद मोडण्याचे पाऊल म्हणून पाहिले.

आता आकडे. प्रथम श्रेणीचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१, एका डावात पाच बळी १७ वेळा. 'फक्त ३३ सामने' म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगायचे ते असे. बाळूंच्या प्रथम श्रेणीच्या नोंदीच सुरू होतात १९०५-०६ च्या हंगामापासून. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. फिरकी गोलंदाजाची पहिली दहा-बारा बहराची वर्षे कुठल्याही बहीखात्यात नाहीत. ती पुण्याच्या जाळीत आणि मातीच्या भांड्यातल्या चहाबरोबर गेली. मर्चंटच्या आकड्यांतून तिशीच्या आधीचे सगळे काढून टाका आणि मग तुलना करा.

१९११ साली पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडला गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय १९. पस्तिशीचे बाळू त्यांच्या हाताखाली. संघाची कामगिरी वाईटच झाली. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी दोन जिंकले, दहा हरले. अशा संघात राहून, तेही दुखरा खांदा सांभाळत, बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यातले प्रथम श्रेणीतले ७५. इंग्लंडच्या खेळपट्ट्यांवर, इंग्लिश काउंट्यांविरुद्ध. हा आकडा एकदा नव्हे, दोनदा वाचा. आमच्या मते वाद इथेच संपतो. नायडूंची ती १५३ धावांची खेळी थोर होतीच, पण ती एका दिवसाची गोष्ट. बाळूंनी एक उभा उन्हाळा हरणाऱ्या संघाला खांद्यावर वाहून नेले.

ते परतले तेव्हा मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या प्रसंगीचे मानपत्र लिहिणारा होता एल्फिन्स्टन कॉलेजातला एक विद्यार्थी, भीमराव आंबेडकर. चारच वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, मॅट्रिक झाल्याबद्दल भीमरावांचाच असा सत्कार झाला होता आणि केळुस्कर गुरुजींनी त्यांना बुद्धचरित्र भेट दिले होते. परळच्या चाळीत वाढलेल्या त्या तरुणासाठी बाळू काय होते, हे वेगळे सांगायला नको. सवर्णांच्या आणि साहेबांच्या मैदानावर जाऊन, त्यांच्याच नियमांनी त्यांना हरवणारा आपला माणूस.

आणि तरीही कप्तानपद नाही.

आमच्या लेखी बाळूंच्या कहाणीचा गाभा इथे आहे. बळी घेण्यासाठी बाळू हवे होते. पण कप्तान म्हणजे दुसऱ्यांना आज्ञा देणारा. कुणी कुठे उभे राहायचे, कुणी आधी फलंदाजीला जायचे, हे तो सांगणार. चांभाराने ब्राह्मणाला 'तू सीमारेषेवर जा' म्हणायचे? व्यवस्था तुमची सेवा घेते, त्याबद्दल शाबासकीही देते. तुमचा हुकूम मात्र ऐकत नाही. १९१३ साली एम. डी. पै कप्तान झाले आणि त्यांच्या सत्काराच्या सभेत त्यांनीच सांगून टाकले, की हा मान खरे तर ज्येष्ठ आणि अनुभवी अशा बाळूंना मिळायला हवा होता. पैंच्या प्रामाणिकपणाला आम्ही दाद देतो. पण सभेतल्या कुणी उठून 'मग द्या की' असे म्हटले नाही.

मग १९२० साल. हे साल नीट पाहा. ३१ जानेवारीला 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि शाहू महाराजांनी तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असे जाहीर केले. त्याच वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी पडले. बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि नेतृत्व दिले गेले देवधरांकडे. बाळू तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते, त्यामुळे वयाचा मुद्दा कुणी काढू शकतो. पण मग विठ्ठल होते, शिवराम होते. दोघेही संघाचे आधारस्तंभ आणि दोघेही देवधरांच्या आधीपासून खेळणारे. या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जाहीर निवेदन काढून कारण सांगितले, की हा जातीचा अपमान आहे आणि तो आम्ही गिळणार नाही.

क्रिकेटच्या इतिहासात हे निवेदन तळटीप म्हणून येते. आमच्या मते ते चळवळीच्या इतिहासात यायला हवे. महाडच्या चवदार तळ्याला अजून सात वर्षे होती आणि काळारामला दहा. त्याआधी दोन अस्पृश्य भावांनी सवर्णांच्या सगळ्यात लाडक्या संस्थेला सांगितले, की आमचा खेळ हवा असेल तर आमचा मानही ठेवावा लागेल. हा बहिष्कार होता, आणि तो बहिष्कृतांनी घातला होता! परिणाम लगेच दिसला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, दोघा भावांना परत घेतले, बाळूंना बोलावून उपकप्तान केले गेले. आणि सामन्यात पै मुद्दाम मैदान सोडून बाहेर गेले, म्हणजे काही वेळ तरी बाळूंच्या हाती संघ राहावा. तेवढाच काय तो बाळूंच्या वाट्याला आलेला कप्तानपदाचा काळ. कुणीतरी बाजूला झाले म्हणून मिळालेला.

१९२३ मध्ये विठ्ठल अधिकृत कप्तान झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. सवर्ण प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले. जगाच्या नकाशावर याची जागा पाहा. वेस्ट इंडिजच्या संघात काळे खेळाडू धावा काढत होते, बळी घेत होते, पण कप्तान गोराच लागे. १९४८ साली हेडलीला एका कसोटीपुरते नेतृत्व दिले गेले. फ्रँक वॉरेलला पूर्ण मालिकेसाठी कप्तान करायला १९६० उजाडले, तेही सी. एल. आर. जेम्स यांनी आपल्या पत्रातून मोहीम चालवल्यानंतर. विठ्ठल पालवणकरांनी ते सदतीस वर्षे आधी केले होते. आपल्याकडे वॉरेल-जेम्सवर व्याख्याने होतात, आनंद आहे. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले आहे. आपल्या किती वाचनालयांत ते आहे?

आता दुसरा वाद. तो टाळून बाळूंना हार घालणे आम्हाला जमणार नाही.

१९३२ मध्ये जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. बाळू एम. सी. राजा यांच्यासोबत संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने उभे राहिले. गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला, त्यावर बाबासाहेबांच्या सहीसोबत पी. बाळू यांचीही सही आहे. बाबासाहेबांनी ती कशी केली हे आपण जाणतो. बाळूंची सही मनापासून होती. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली तेव्हाही बाळूंनी विरोध केला. आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ मतदारसंघात राखीव जागेवर स्वतंत्र मजूर पक्षाचे उमेदवार बाबासाहेबांसमोर काँग्रेसने उभे केले ते बाळूंनाच. निकाल : बाबासाहेब १३,२४५, बाळू ११,२२५. फरक २,०२०.

यावर आपल्यात दोन प्रतिक्रिया दिसतात. एक म्हणते, बाळू गद्दार, नाव घेऊ नका. दुसरी जयंतीच्या पोस्टमध्ये १९११ चे मानपत्र छापते आणि १९३७ गाळते. आम्हाला दोन्ही नामंजूर आहेत. पहिली तर धोकादायक आहे, कारण तिच्या पोटात कधी कधी 'ते चांभार, आपण महार' हे विष असते. बहिष्कृत हितकारिणी सभेचे चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर हे चांभार समाजाचेच होते, हे अशा वेळी आठवावे. आणि दुसरी प्रतिक्रिया आपला इतिहास साखरेच्या पाकात घालते.

बाळूंनी असे का केले? त्यांच्या जागी उभे राहून पाहू. मातीच्या भांड्यातला चहा ते आत बसून कपातला चहा, हा प्रवास त्यांनी एका आयुष्यात केला होता. क्लबातला झाडूवाला ते हिंदू संघाचा उपकप्तान. धाकटा भाऊ कप्तान, सवर्णांच्या खांद्यावर. गुण दाखवला, संयम ठेवला, की हिंदू समाज हळूहळू बदलतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला तर तो त्यांच्या अनुभवातून आला होता. मूर्खपणातून नव्हे आणि आमच्या मते लालसेतूनही नव्हे. नाव हिंदू संघाचे, शर्ट हिंदू संघाचा, टाळ्या हिंदूंच्या. वर्षानुवर्षे 'हिंदू' म्हणून खेळलेल्या माणसाला 'आम्ही हिंदू नाही' हे म्हणणे किती जड गेले असेल.

पण त्याच अनुभवात दुसरा धडाही होता आणि तो त्यांच्या भावांनी १९२० मध्ये लिहून काढला होता. संघात घेतले गेले ते गरजेपोटी. वगळले गेले ते निवड समितीच्या मर्जीने. निवड समितीत आपला एकही माणूस नव्हता. संयुक्त मतदारसंघात याहून वेगळे काय होते? जागा अस्पृश्याची, पण तिथे कोणता अस्पृश्य बसणार हे ठरवणार बहुसंख्य सवर्ण मतदार. पुणे कराराने जागा ७१ वरून १४८ झाल्या, म्हणजे संघात खेळाडू वाढले. निवड समिती मात्र त्यांचीच राहिली. बाबासाहेबांनी हे पाहिले. मानपत्र लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने बाळूंच्या आयुष्यातून बाळूंपेक्षा अधिक शिकून घेतले, असे आम्ही म्हणतो.

परळ-भायखळ्याच्या कामगारांनी १९३७ मध्ये बाबासाहेबांना निवडून दिले. हा विजय सोपा नव्हता आणि समोरचा उमेदवार किती लोकप्रिय होता हे ११,२२५ मते सांगतात. काँग्रेसने बाळूंना निवडले ते त्यांच्या राजकीय विचारांसाठी नाही. चाळीचाळींतून माहीत असलेले नाव हवे होते. पुन्हा तेच, सामना जिंकण्यासाठी बाळूंचा हात! पंधरा वर्षांनी, १९५२ च्या लोकसभेत, उत्तर मुंबईत बाबासाहेबांसमोर काँग्रेसचे नारायण काजरोळकर होते. तिथे बाबासाहेब साडेचौदा हजारांच्या फरकाने हरले. संविधानाचा शिल्पकार राखीव जागेवर हरतो, हे संयुक्त मतदारसंघाचे गणित आहे. आज राखीव मतदारसंघातले आपले आमदार-खासदार अत्याचाराच्या प्रश्नावर गप्प का बसतात, हे तरुण आम्हाला विचारतात. त्यांची निवड समिती कोण आहे ते पाहा.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. धम्मदीक्षेला सव्वा वर्ष बाकी होते.

राजकारणात आम्ही बाबासाहेबांच्या बाजूचे आहोत, हे सांगायला नको. १९३७ मध्ये परळला राहत असतो तर बाळूंविरुद्ध घरोघरी फिरलो असतो. मैदानावरच्या बाळूंवरचा आमचा हक्क त्याने कमी होत नाही. त्यांना हिंदू जिमखान्याच्या भिंतीवरच्या एका तसबिरीवर सोडून देणे म्हणजे ज्यांनी कप्तानपद नाकारले त्यांच्याच ताब्यात वारसा देणे.

तर हिंदू संघाचा सार्वकालिक अकरा निवडायचा झाला तर आमची यादी अशी. सलामीला मर्चंट, मधल्या फळीत नायडू, देवधर आणि विठ्ठल, अष्टपैलू म्हणून शिवराम, डावखुरी फिरकी बाळूंची. उरलेल्या पाच जागांवर तुम्ही भांडा. नाणेफेकीला मात्र बाळू जातील, आणि देवधर कुठे उभे राहणार ते बाळू सांगतील.